भाऊजींची गर्दी

माझे भाऊजी टीव्ही केंद्रात गर्दीचे आवाज काढायचे. तोंडाने नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांच्या लग्नात आमच्या एका मामांचा तसाच समज झाला होता आणि ते मांडवभर त्यांच्या मागे लागले होते, की जावईबापू, एकदा कोंबड्याचा आवाज होऊन जाऊ द्या.

खरं काम असं होतं. त्या काळी परदेशातल्या बातम्यांची चित्रं चपट्या डब्यांतून विमानाने यायची. चित्र यायचं, आवाज यायचा नाही. कुठल्यातरी देशात रस्ता भरून माणसं, मुठी वर, तोंडं उघडी, आणि सगळं चिडीचूप. असं काही पडद्यावर आलं की घरोघर लोक उठून टीव्हीला थापट्या मारायचे. म्हणून केंद्राचा दंडक होता, की माणूस दिसला की आवाज पाहिजे. मुकं चित्र म्हणजे बिघाड.

तो आवाज भाऊजी द्यायचे. त्यांची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही, भिंतींना जाड कापडाचं अस्तर. टेबलावर टेपची दोन मशिन्स आणि चित्र बघायला वहीएवढा पडदा. मागच्या फळीवर डबे: दार, विमान, कुत्रा, टाळ्या, काच. खालच्या फळीवर तीन डबे गर्दीचे. एकावर लिहिलं होतं ‘चांगली’, दुसऱ्यावर ‘वाईट’, तिसऱ्यावर ‘पळापळ’.

चांगली गर्दी त्यांनी एका शाळेच्या बक्षीस समारंभात टिपली होती. टाळ्या, मुलांचं गाणं, मधेच कुणाच्यातरी आईचं हसणं. वाईट गर्दी फुटबॉलच्या मैदानावरची होती, पंचाने पाहुण्या संघाला पेनल्टी दिली त्या क्षणाची. पळापळ म्हणजे बसस्थानक, सकाळची वेळ, लांबून बस दिसली तेव्हाची.

कुठल्या देशाला कुठली गर्दी द्यायची हे ठरवणारा माणूस वेगळा. त्याला सगळे परदेशवाले साहेब म्हणायचे. त्यांच्याकडून डब्याबरोबर चिठ्ठी यायची, तिच्यावर एकच शब्द. मी एकदा भाऊजींना विचारलं, हे ते कसं ठरवतात?

“सोपं आहे,” भाऊजी म्हणाले. “ज्या देशाशी आपलं जमतं तिथलं सरकार चांगलं. म्हणजे त्याच्याविरुद्ध ओरडणारे वाईट. ज्याच्याशी जमत नाही तिथे उलट.”

“आणि ज्या देशाशी आपला काही संबंधच नाही?”

“तिथे पळापळ.”

बातम्या वाचणाऱ्या बाईही त्याच चिठ्ठीवर चालायच्या. चांगली गर्दी असेल तर त्या ‘जनता’ म्हणायच्या, वाईट असेल तर ‘जमाव’. एका बर्फाच्या देशातली माणसं दुपारच्या बातम्यांत जमाव होती. मग तिथल्या राजदूताशी आपल्या मंत्र्यांची कशावरून तरी बाचाबाची झाली आणि संध्याकाळच्या बातम्यांत तीच माणसं, त्याच टोप्या घालून, जनता झाली. भाऊजींना घाईघाईत डबा बदलावा लागला. घरी येऊन म्हणाले, “बरं झालं, त्या लोकांनी टोप्या काढल्या नव्हत्या. मुठींवर मुलांचं गाणं शोभत नाही, पण टोप्यांवर चालून जातं.”

आता वडिलांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती पेनल्टी टिपायला भाऊजी गेले तेव्हा वडीलही बरोबर होते. जावयाला फुकट पास मिळतो म्हटल्यावर ते सोडायचे नाहीत. भाऊजी ध्वनिग्राहक घेऊन उभे, शेजारी वडील, आणि पंचाने शिट्टी फुंकल्याबरोबर वडील ओरडले, “अरे, डोळे घरी ठेवून आलास काय रे!” ते सगळं टेपवर आलं. भाऊजींनी ते कापायचा प्रयत्न केला, पण कापलं की गर्दीत भोक पडल्यासारखं वाटायचं. मग तसंच ठेवलं. ऐकणाऱ्याला नुसता कल्लोळ ऐकू यायचा. आम्हाला मात्र त्या कल्लोळात वडील स्वच्छ ऐकू यायचे.

दोनेक वर्षांनी वडील गेले. टेप राहिली. त्यानंतर आई बातम्या चुकवायची नाही. हातातलं काम बाजूला ठेवून बसायची. कुठल्यातरी राजधानीत लोक पोलिसांच्या अंगावर धावून जायचे आणि मागून वडील विचारायचे, डोळे घरी ठेवून आलास काय रे. आई मला विचारायची, “आज कुठे गेलेत?” मी देशाचं नाव सांगायचो. “लांब आहे का?” लांब आहे म्हटलं की गप्प बसायची. एवढं फिरणं त्यांना जन्मात झेपलं नव्हतं.

मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे घरी असायचो. आई आणि मी ताईच्याच घरी राहत होतो. भाऊजींच्या पगारात भाडं जायचं आणि ताईच्या पगारात आम्ही जेवायचो. ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्नाच्या आधीपासूनची ती नोकरी. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दोन्ही हातांत दोऱ्या, याचा फोन त्याला जोड, त्याचा हिला. दिवसभर स्टुलावर बसून. स्टुलाला पाठ नव्हती.

भांडण त्या पाठीचंच होतं. सगळ्याजणींची कंबर धरायची. खुर्च्या द्या म्हणून अर्ज झाले. विभागाने कळवलं, की पाठ टेकली की माणसाला झोप येते, सबब विचार करता येत नाही. मग त्यांनी निदर्शनं करायचं ठरवलं, तर आवारात आधीच हुकूम लागलेला: घोषणा, गाणी, टाळ्या, फलक, मोठ्याने बोलणं, सगळ्याला बंदी. कारण आवारातला आवाज दोऱ्यांमधून गिऱ्हाइकांच्या कानात जातो. मोडल्यास नोकरीवरून काढण्यात येईल.

ताईने तो हुकूम दोनदा वाचला. “यात उभं राहू नका असं कुठे लिहिलंय?” ती म्हणाली.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात ओळीने उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द नाही. प्रत्येकीने एक हात आपल्या कमरेमागे, जिथे दुखतं तिथे ठेवलेला. बस, एवढंच. सुट्टी संपली की आत जायचं, दोऱ्या हातात घ्यायच्या. आधी रिहर्सल केली होती आणि त्यात जी हसली तिला मागच्या रांगेत टाकलं होतं.

त्याच दिवशी टीव्हीचा कॅमेरावाला एक्सचेंजच्या नव्या इमारतीचं चित्र घ्यायला आला होता. त्याने या बायकांचंही थोडं घेतलं. इमारतीला काय आवाज असणार, म्हणून त्याने आवाजाचं यंत्र आणलंच नव्हतं. मुकी फिल्म जिन्याखाली भाऊजींकडे आली.

भाऊजींनी पडद्यावर पाहिलं तर पहिल्या रांगेत ताई.

त्यांना निदर्शनं ठाऊक होती. गप्प का उभं राहायचं हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. बायका लाजल्या असतील असं त्यांना वाटलं. चिठ्ठी नव्हती म्हणून ते वर विचारायला गेले. परदेशवाले साहेब फोनवर होते. त्यांनी हाताने फोनचं तोंड झाकलं.

“कुणाविरुद्ध आहे?”

“टेलिफोन खात्याविरुद्ध.”

“खातं कुणाचं?”

“सरकारचं.”

“मग मला काय विचारताय, आवाजवाले?”

भाऊजी खाली आले. त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की त्यांनी वाईट गर्दीचा डबा साहेबांच्या सांगण्यावरून काढला नाही. त्यांनी आधी चांगली लावून पाहिली होती. पण मुलांच्या गाण्याने त्या बायका फारच बिचाऱ्या दिसायला लागल्या. आपल्या बायकोचं पहिलंच आंदोलन आणि ते असं मिळमिळीत जावं, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून त्यांनी चांगला भरदार आवाज चढवला. एका ठिकाणी ताईचं तोंड उघडलेलं दिसत होतं. पहाटेपासून ड्यूटीवर असल्याने तिला जांभई आली होती. उघडं तोंड दिसलं की त्यावर मोठी आरोळी नेमकी आणून ठेवायची, ही भाऊजींची खासियत. वडिलांचा आवाज त्यांनी बरोबर जांभईवर आणला. मग जरा विचार करून, शेवटी एक काच फोडली.

संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. भाऊजीही लवकर आले होते आणि उगाचच उशी नीट करत होते. बातम्यांच्या बाई म्हणाल्या, “टेलिफोन एक्सचेंजच्या आवारात आज संतप्त महिलांच्या जमावाने धुडगूस घातला. अनेकींनी हात पाठीमागे लपवले होते. हातांत काय होतं हे समजू शकलं नाही.” मग तो कल्लोळ. मग ताईच्या तोंडातून वडील. मग काच.

“अगंबाई,” आई म्हणाली, “आज इथेच आलेत.”

ताई पडद्याकडे बघत राहिली.

“कसं वाटलं?” भाऊजींनी विचारलं. “मी स्वतः चढवलाय. काच तर वरून घातली.”

“अहो,” ताई म्हणाली, “आम्ही गप्प होतो.”

“तेच तर. म्हणून म्हटलं, जरा मदत करावी.”

“गप्प राहायचं होतं आम्हाला! तोंडातून शब्द निघाला तर नोकरी जाणार होती!”

भाऊजींच्या हातातली उशी तशीच राहिली. म्हणाले, “मग आधी सांगायचंस ना.”

“काय सांगायचं? की आम्ही गप्प आहोत, तर ओरडवू नका?”

दुसऱ्या दिवशी ताईला घरी बसवलं आणि तिसऱ्या दिवशी आरोपपत्र आलं. बाकीच्यांना नुसती समज मिळाली, कारण टीव्हीवर तोंड फक्त ताईचं उघडलेलं होतं. आरोप दोन. एक, आवारात मोठ्याने घोषणा देणे. दोन, काच फोडणे. काचेचा पंचनामाही झाला होता. सगळ्या खिडक्या तपासल्या, सगळ्या काचा शाबूत निघाल्या. त्यावरून आरोपींनी फुटलेली काच तातडीने बदलून पुरावा नष्ट केला, असा निष्कर्ष काढला होता. चौकशीत दोषी ठरली तर ताईची नोकरी जाणार होती.

केंद्राने एवढं लिहून दिलं असतं की आवाज आमचा आहे, तर प्रश्नच नव्हता. भाऊजी साहेबांकडे गेले, सोबत मलाही नेलं. मी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा नव्हती. नुसतं कुणीतरी शेजारी असावं म्हणून.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. “आवाजवाले, तुमचं दुःख मला कळतं,” ते म्हणाले. “पण ही एक गर्दी खोटी म्हटली की लोक विचारतील, त्या बेटावरच्या देशातली कुठली? बर्फातली कुठली? त्या गर्द्यांवर सहा-सात देशांशी आपले संबंध बेतलेत.”

“साहेब, माझा एकाच देशाशी संबंध आहे. तो घरात आहे.”

“बघा बुवा. टेप केंद्राची मालमत्ता आहे. बाहेर गेली तर तुम्हीही बाहेर जाल.”

बाहेर आल्यावर भाऊजी जिन्यापाशी थांबले. “मेहुणे,” ते म्हणाले, “तुमच्या पिशवीत काय आहे?”

“काही नाही.”

“मग द्या.”

चौकशी एक्सचेंजच्या वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, हिरवं कापड, पंखा. चौकशी अधिकारी एकटेच होते, बाजूला टाइप करायला एक बाई. त्या ताईच्या ओळीतल्याच, म्हणून खाली मान घालून बसलेल्या. ताई स्टुलावर. आई, भाऊजी, मी भिंतीला लागून उभे. मी टेपचं मशिन दोन्ही हातांनी धरून होतो. ते खाली ठेवायला सांगेपर्यंत ठेवावं की नाही हे मला कळलं नव्हतं.

भाऊजींनी टेप लावली. आधी नुसती टेप, मैदानावरची. वडील ओरडले. मग केंद्रावरून बातम्यांचा तुकडा आणला होता, तो लावला. वडील पुन्हा ओरडले.

“दोन्हीकडे एकच आवाज आहे,” भाऊजी म्हणाले. “हा फुटबॉल आहे, साहेब. निदर्शनं नाहीत.”

“तुम्ही आरोपीचे कोण?”

“नवरा.”

“मग तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतो, पण धरत नाही.” त्यांनी ताईकडे पाहिलं. “हा आवाज तुमचा नाही?”

“माझ्या वडिलांचा आहे.”

“चित्रात तोंड तुमचं उघडं आहे.”

“जांभई होती.”

“आवाज वडिलांचाच कशावरून? घशाने त्रास दिला की बायकांचाही आवाज घोगरा होतो. आमच्या घरी होतो.”

तेव्हा आई पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“माझ्या यजमानांचा आवाज आहे तो.”

“बाई, एवढ्या गोंगाटात तुम्ही कसा ओळखला?”

“अहो, ते आयुष्यभर माझ्यावरच ओरडले. मी नाही ओळखायचा तर कुणी?”

टाइप करणाऱ्या बाईंचं यंत्र थांबलं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर पुन्हा सुरू झालं.

“बरं. म्हणजे त्या दिवशी तुमचे यजमान आवारात हजर होते आणि त्यांनी घोषणा दिली?”

“ते वारलेत.”

“कधी?”

“त्याच्या बऱ्याच आधी.”

“काही दाखला?”

आईने पदराखालून दाखला काढून टेबलावर ठेवला. तिने तो आणलाय हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यांनी तो उलटसुलट पाहिला. मग भाऊजींना म्हणाले, पुन्हा लावा. भाऊजींनी लावली. वडील म्हणाले, डोळे घरी ठेवून आलास काय रे. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

“आणि काच?”

“ती माझी,” भाऊजी म्हणाले. “खराब झालेली ट्यूबलाइट होती. केंद्राच्या मागच्या अंगणात फोडली.”

अधिकाऱ्यांनी दाखला पुन्हा हातात घेतला. मयत व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई करता येते का, हे बहुधा मनात तपासत असावेत. शेवटी त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि बाईंनी टाइप केलं, की सदर घोषणा खात्याच्या कर्मचाऱ्याने दिल्याचं सिद्ध होत नाही. आरोप मागे. उद्यापासून कामावर रुजू व्हावं.

आम्ही सगळे निघायला वळलो. ताई बसूनच राहिली.

“साहेब, आणि खुर्च्या?”

“कसल्या खुर्च्या?”

“आम्ही ज्याच्यासाठी उभ्या होतो त्या.”

अधिकाऱ्यांनी समोरचे कागद चाळले. आरोपपत्र, पंचनामा, बातमीची प्रत. “यात खुर्च्यांचा उल्लेख कुठे नाही,” ते म्हणाले. “मी बातम्या पाहिल्या होत्या. त्यातही नव्हता.”

“कुणी विचारलंच नाही.”

“मग अर्ज करा,” ते म्हणाले. ताईने पर्समधून अर्ज काढला. तो ती रोजच बरोबर ठेवायची. त्यांनी घेतला, वाचला, आणि का कोण जाणे, एकदा तिच्या स्टुलाकडे वाकून पाहिलं.

टेप पुरावा म्हणून कपाटात गेली. आई पुढे दोन वेळा तिथे जाऊन आली, पण पुरावा नातेवाइकांना देत नाहीत असं कळलं. भाऊजींना जिन्याखालून काढून नाटकाच्या सामानाच्या गोदामात टाकलं. तिथे नकली झाडं, दारं, राजाचं सिंहासन असं सगळं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त घरी बातम्या लागल्या की उठून बाहेर जायचे.

मुख्य म्हणजे गर्दीचा दुसरा माणूस लगेच मिळाला नाही. नवा येईपर्यंत परदेशातली माणसं मुकीच दाखवायला लागली. रस्ता भरून लोक, तोंडं उघडी, पत्ता नाही कशासाठी. घरोघर टीव्हीला थापट्या बसल्या. थापट्यांनी काही होईना तेव्हा लोकांनी केंद्राला फोन करायला घेतले. ते फोन एक्सचेंजमधूनच जायचे, ताईच्या बोर्डावरून.

तिने एका गृहस्थाची हकीकत आम्हाला घरी सांगितली. फार तापले होते म्हणे.

“बाई, केंद्र जोडा आधी. टीव्हीवर माणसं ओरडतायत आणि काही ऐकू येत नाही.”

“कुठल्या देशातली?” ताईने विचारलं.

“ते मला काय माहीत!”

“काय म्हणतायत?”

“अहो, ऐकूच येत नाही म्हणतोय ना मी!”

“गेल्या आठवड्यात ऐकू येत होतं, तेव्हा काय म्हणत होती?”

तिकडून टीव्हीला एक थापटी बसल्याचं ऐकू आलं. मग गृहस्थ म्हणाले, “तुम्ही जोडून देताय की नाही?”

“देते ना,” ताई म्हणाली, आणि दोरी उचलून जोडून दिलं.